रात्रीच्या बोफिशिंगसाठी बोटीवरच्या दिव्यांना वीज कशी द्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या इलिनॉय नदीच्या आसपास राहणाऱ्या आमच्या चार-पाच मराठी घरांत मिळून आता तीन सपाट बुडाच्या बोटी आहेत. उन्हाळा लागला की मला फोन सुरू होतात. बोफिशिंग म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारणं. धनुष्याबद्दल फारसं कोणी विचारत नाही, सगळे अडतात ते दिव्यांपाशी. माझं कामच इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. तेच प्रश्न दरवर्षी येतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. आकडे माझ्या अठरा फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीचे आहेत. तुमची बोट वेगळी असेल तर आकडे बदलतील, हिशोबाची रीत तीच राहील.

बोफिशिंगला एवढे दिवे लागतातच कशाला?

कारण इथे मासा डोळ्यांना दिसल्याशिवाय काहीच करता येत नाही. गळ टाकला तर मासा न दिसताही लागतो. बोफिशिंगमध्ये धनुष्याला रीळ बसवलेलं असतं, बाण भरीव फायबरग्लासचा, टोकाला उलटे काटे आणि बाणाला चिवट दोरी. पाण्यात मासा दिसला की नेम धरायचा आणि लागला की दोरीने ओढून घ्यायचा. उन्हाळ्याच्या रात्री कार्प, बफेलो, गार हे मासे काठालगतच्या उथळ पाण्यात सापडतात. वारा पडलेला असतो, पाणी काचेसारखं सपाट असतं. तेव्हा काठाने हळूहळू बोट नेत चार फूट पाण्याचा तळ दिसेल एवढा उजेड पाडायचा, हे दिव्यांचं काम.

माझं गाव गुहागरकडे. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे धरायला आम्ही वहाळात उतरायचो, तेव्हा गॅसबत्ती धरणारा सगळ्यांत पुढे असायचा. बत्तीचं मेंटल फुटलं की सगळ्यांनी घरी परतायचं. इथेही तसंच आहे. दिवे गेले की रात्र संपली.

एकूण किती वॉट लागतील?

माझ्या बोटीवर ५० वॉटचे दहा एलईडी फ्लड, म्हणजे रुंद उजेड पाडणारे दिवे, आहेत: नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, चार, दोन्ही बाजूंना तीन-तीन. एकूण ५०० वॉट. इलिनॉय नदीच्या गढूळ पाण्यात दोन जण उभे राहून मारायला एवढा उजेड मला पुरतो. स्वच्छ पाण्याच्या तलावात ३०० वॉटमध्येही काम भागतं. मोठ्या बोटीवर चार जण उभे राहणार असतील तर हजार वॉटच्या पुढे जावं लागतं.

एक गोष्ट आधी करा. दिव्याच्या खोक्यावर छापलेल्या वॉटवर विश्वास ठेवू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त लाइट बारवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षात ओढलेली वीज यांत बराच फरक असतो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, दिवा लावा, अँपिअर बघा आणि व्होल्टने गुणा. जो आकडा येईल तोच पुढच्या सगळ्या हिशोबात धरा.

बॅटरी घ्यावी की जनरेटर?

सगळ्यांत जास्त वाद यावरच होतो. माझं मत स्पष्ट आहे: ५०० वॉटपर्यंत आणि चार-पाच तासांच्या रात्रीसाठी बॅटरी, हजार वॉटच्या वर किंवा रात्रभराच्या स्पर्धेसाठी जनरेटर. मधल्या पट्ट्यात तुमचा खिसा आणि तुमचे कान काय सांगतात त्यावर ठरवा.

हिशोब असा. ५०० वॉट गुणिले चार तास म्हणजे २,००० वॉट-तास. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-तास देते, कारण तिचं खरं व्होल्टेज १२.८ असतं. अशा दोन बॅटऱ्यांचे २,५६० झाले. त्यातले ८० टक्केच वापरायचे म्हटलं तर २,०४८. म्हणजे दोन बॅटऱ्यांत चार तास बरोबर निघतात, वर फारशी शिल्लक राहत नाही. मी रात्री साडेनऊला पाण्यात उतरतो आणि दीडच्या सुमाराला धक्क्यावर परततो, ते याच हिशोबाने. जागा बदलताना बाजूचे दिवे बंद ठेवले की अर्धा-पाऊण तास वाढतो.

आता तेच काम जनरेटरने. होंडाच्या ईयू२२००आय या इन्व्हर्टर जनरेटरची टाकी साधारण ३.६ लिटरची आहे. सलग १,८०० वॉट देण्याची त्याची ताकद आहे, आणि पाव भारावर तो एका टाकीत आठ तास चालतो. आपले ५०० वॉट म्हणजे जवळजवळ पाव भारच. वजन २१ किलो. दोन लिथियम बॅटऱ्यांचं वजनही २४-२५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे वजनाचा मुद्दा इथे निकालात निघतो. फक्त तासांकडे बघितलं तर जनरेटर जिंकतो.

तरीही मी बॅटरीवर आलो, त्याची कारणं दोन. एक, शांतता. ट्रोलिंग मोटरवर, म्हणजे विजेवरच्या छोट्या मोटरवर, बोट सरकत असताना लव्हाळ्यात कार्पने शेपटी मारलेली ऐकू येते आणि जोडीदाराशी हळू आवाजात बोलता येतं. दुसरं कारण धूर. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण त्याने माणसं दगावतात.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त आहे, ती का नको?

एक रात्र स्वस्त पडते, हंगामभर महाग. १०० अँपिअर-तासांची डीप सायकल लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्यापेक्षा खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून १,२०० वॉट-तासांतले ६०० च आपले. शिवाय तिच्यावर छापलेले १०० अँपिअर-तास वीस तासांत सावकाश, म्हणजे ५ अँपिअरने उतरवल्यावर मिळणारे असतात. आपण तिच्यातून कितीतरी जास्त ओढतो, तेव्हा ती छापल्यापेक्षा कमीच देते. २,००० वॉट-तासांसाठी निदान चार बॅटऱ्या लागतील. एकेक तीस किलोची, म्हणजे १२० किलो शिसं. अठरा फुटी बोटीत ते वजन मागे ठेवलं तर नाळ वर उचलली जाते आणि पुढे ठेवलं तर उथळ पाण्यात बोट टेकते.

घरात आधीपासून दोन लेड-ॲसिड पडून असतील तर मात्र टाकून देऊ नका. चार दिव्यांची छोटी मांडणी करून एक हंगाम त्यावर काढा. आवड टिकते का ते कळेल, मग पैसे घाला.

इंजिन सुरू करायच्या बॅटरीवरच दिवे जोडले तर चालेल का?

नाही. मध्यरात्री, धक्क्यापासून तीन मैलांवर, इंजिन नुसतं टक् टक् करतं आणि सुरू होत नाही. ती बॅटरी इंजिनसाठी आणि नेव्हिगेशन लाइटसाठी राखून ठेवा. ट्रोलिंग मोटरलाही दिव्यांच्या बॅटरीत वाटेकरी करू नका. ५५ पौंड थ्रस्टची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या आसपास ओढते. म्हणजे ती एकटीच तुमच्या सगळ्या दिव्यांहून जास्त खाते.

मागचे दिवे लख्ख आहेत, नाळेवरचे मंद. दिवे खराब आहेत का?

बहुतेक वेळा दिवे चांगले असतात, वायर बारीक असते. हे उत्तर मी जरा सावकाश देतो, कारण लोक बॅटरीवर हजार डॉलर घालतात आणि वायरवर वीस.

माझी बोट जुनी घेतलेली, दिव्यांची वायरिंग आधीच्या मालकाने केलेली. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच नाळेवरचे दिवे पिवळट वाटायला लागले. मी मीटर लावला. बॅटरीच्या टोकावर १२.९ व्होल्ट, नाळेवर १०.६. मधे २.३ व्होल्ट कुठे गेले? वायरवरून हात फिरवत पुढे गेलो. वायर कोमट होती. अर्ध्या वाटेवर प्लास्टिकचा एक जोड होता, त्याला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. जोडाची एक बाजू चॉकलेटी होऊन मऊ पडली होती, मेण वितळतं तशी. तिला जळक्या प्लास्टिकचा वास होता. हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी होती. फ्यूज होता, पण ६० अँपिअरचा. ५०० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे सुमारे ४२ अँपिअर, तेवढ्याला तो उडणार कशाला?

वायर १२ गेजची होती (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड). हिशोब करून बघा. बॅटरीपासून नाळेपर्यंत १५ फूट, परतीची धरून ३० फूट. १२ गेज तांब्याच्या वायरचा रोध हजार फुटांना सुमारे १.५९ ओहम, म्हणजे ३० फुटांना ०.०४८. त्यातून ४२ अँपिअर गेले की दोन व्होल्ट वायरमध्येच संपतात. उरलेले ०.३ व्होल्ट त्या एका जोडात. ऐकायला ०.३ काहीच वाटत नाही, पण गुणिले ४२ म्हणजे बाराहून जास्त वॉटची उष्णता आगपेटीएवढ्या प्लास्टिकमध्ये कोंडलेली. सगळं मिळून शंभरेक वॉट, म्हणजे माझे दोन पूर्ण दिवे, वायर तापवण्यात खर्च होत होते.

मी ४ गेजची वायर ओढली. त्याच अंतराला, त्याच भाराला आता ०.३ व्होल्ट पडतात, अडीच टक्के. दिवे, बॅटरी काहीही न बदलता नाळेवरचा उजेड परत आला.

लक्षात ठेवायला सोपं म्हणून: ३० फुटांच्या फेऱ्यात ४२ अँपिअरला १० गेज सुमारे १.२५ व्होल्ट खातं, ६ गेज अर्धा व्होल्ट, ४ गेज ०.३. बोटीच्या वायरिंगमध्ये महत्त्वाच्या सर्किटला ३ टक्क्यांपर्यंत घट चालवून घेतात. दिव्यांसाठीही मी तेवढीच धरतो.

वायर कथील चढवलेल्या तांब्याची घ्या, मरीन ग्रेड म्हणून मिळते. साधं तांबं दमट हवेत आवरणाच्या आतून हिरवं पडत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जोड पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची नाही. क्रिम्प करायचा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी आवळायची. आणि परतीची वायर वाचवायला ॲल्युमिनियमच्या बोटीचं बूड कधीही वापरू नका. गाडीत परतीची वायर चॅसिसला जोडतात तसं पाण्यात केलं तर बोटीचा पत्राच गंजून झिजतो.

१२ व्होल्ट ठेवू की २४ करू?

नव्याने सुरुवात करत असाल आणि दिवे ९ ते ३२ व्होल्ट चालणारे असतील तर २४ करा. तेच ५०० वॉट २४ व्होल्टवर २१ अँपिअरमध्ये येतात. अँपिअर निम्मे झाले की त्याच वायरमधली उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते.

२४ व्होल्टसाठी १२ च्या दोन बॅटऱ्या मालिकेत, म्हणजे एकीमागे एक, जोडायच्या. त्याआधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करून घ्या, आणि त्यांच्या आतलं संरक्षण सर्किट मालिकेत जोडणं चालवून घेतं का ते पुस्तिकेत बघा. नंतर ‘छोटासाच पंप आहे’ म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढण्याचा मोह होतो. तो टाळा. एक बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, दोघींची जोडी बिघडते आणि दोष कुठे आहे ते महिनोन्‌महिने सापडत नाही. १२ व्होल्ट हवेच असतील तर कन्व्हर्टर लावा.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे?

फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला नाही. त्यामुळे तो वायरच्या जाडीवरून ठरतो आणि बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कुणीच वाली नसतो, म्हणून अमेरिकेतल्या बोटींच्या वायरिंगच्या मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच दिलंय.

माझ्याकडे मुख्य ४ गेज वायरला ६० अँपिअरचा फ्यूज आहे. तोच आकडा जो १२ गेजवर धोक्याचा होता, तो इथे योग्य आहे. तिथून डावी बाजू, उजवी बाजू आणि नाळ अशा तीन शाखा, प्रत्येकीला वेगळा स्विच आणि वेगळा ब्रेकर. एका शाखेत पाणी शिरलं तर बाकीच्या दोन चालू राहतात. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात प्रचंड करंट सोडते, म्हणून मुख्य फ्यूज गाडीतला पातीचा वापरू नका. एवढा करंट तोडण्याची क्षमता असलेला क्लास टी किंवा बॅटरीच्या टोकावरच बसणारा मरीन फ्यूज घ्या.

जनरेटर बोटीवर ठेवणार असू तर काय सांभाळायचं?

पहिलं, धूर. पेट्रोल जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ‘उघड्यावर तर आहे, काय होणार?’ हा समज जिवावर बेततो. आपण काठाने अगदी सावकाश जात असतो. वारा मागून असेल तर मागच्या जनरेटरचा धूर बोटीबरोबरच पुढे सरकतो आणि धनुष्य घेऊन उभ्या असलेल्या माणसांभोवती रेंगाळतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय जड होतात, आणि माणूस समजतो की जागरण झालंय. असं कोणालाही वाटलं की तिथल्या तिथे जनरेटर बंद करा, वारा जिकडून येतोय तिकडे मोकळ्या जागी जा, आणि बरं वाटत नसेल तर ९११ लावा. धुराचं नळकांडं मागे, पाण्याकडे तोंड करून ठेवा, बोटीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. आवाज कमी करायला जनरेटर खोक्यात बंद करू नका. धूर कोंडतो आणि जनरेटरही तापून बंद पडतो.

दुसरं, पेट्रोल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. जनरेटर धक्क्यावर भरा, बोटीबाहेर, थंड असताना. रात्रीत पेट्रोल संपलंच तर किनाऱ्याला लागा, निवू द्या, मग भरा. हातात कॅन, डोक्यावर टॉर्च आणि खाली तापलेलं सायलेन्सर अशा अवस्थेत डोलणाऱ्या बोटीत पेट्रोल ओतलेलं मी पाहिलंय. त्या रात्री मी त्या बोटीतून उतरलो.

तिसरं, १२० व्होल्ट. ओले पाय, धातूची बोट आणि एसी वीज. वीज गळाली की पुरवठा तोडणारा जीएफसीआय असल्याशिवाय एकही दिवा जोडू नका. आपल्याकडच्या घरांत जो आरसीसीबी असतो त्याचाच हा भाऊ, फक्त जास्त हळवा. घरचा बहुधा ३० मिलिअँपिअरला तुटतो, हा सुमारे ५ ला. तो सारखा तुटत असेल तर कुठेतरी पाणी शिरलंय. ते शोधा. त्याला बगल देऊन दिवे जोडू नका.

पिवळसर दिवे घ्यायचे की पांढरे?

गढूळ पाण्याला पिवळसर, ३,००० केल्विनच्या आसपासचे (उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात). स्वच्छ पाण्याला ५,००० ते ६,००० केल्विनचे पांढरे.

अगदी स्वच्छ पाण्यात लाल रंग आधी शोषला जातो आणि निळा खोलवर पोचतो, तिथे पांढरा दिवा जिंकतो. आपल्या नदीत मात्र गाळ आणि कुजलेल्या पानांचा अर्क असतो. निळा प्रकाश त्यात शोषला जातो, नाहीतर विखरून परत डोळ्यांवर येतो, धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यासारखा. माझ्या बोटीवर आठ पिवळे आणि दोन पांढरे आहेत, पांढऱ्यांना वेगळा स्विच. बॅकवॉटरच्या तळ्यात पाणी निवळलेलं असलं की ते लावतो. पिवळ्यांचा आणखी एक फायदा म्हणजे त्यांच्यावर किडे कमी येतात. उन्हाळ्यात मेफ्लाय निघतात त्या रात्री पांढऱ्या दिव्यासमोर उभं राहून बघा, तोंड उघडायची सोय राहत नाही.

जुने सोडियम व्हेपर किंवा हॅलोजन स्वस्तात मिळतायत. घेऊ?

सोडियमचा नारिंगी उजेड गढूळ पाण्यात सुंदर पडतो, जुनी माणसं अजून त्याची आठवण काढतात. पण एकेक दिवा १५० ते ४०० वॉट, वर करंट आवरणारा जड बॅलास्ट, आणि जनरेटरशिवाय गत्यंतर नाही. एकदा विझला की थंड होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटं जातात. हॅलोजन तर विजेतली बहुतेक उष्णतेतच घालवतो, आणि तापलेल्या काचेवर पाणी उडालं तर ती तडकते. कोणी फुकट दिले तरी मी घेणार नाही.

दिवे कुठे आणि कसे बसवायचे?

पाण्याच्या जवळ, तुम्ही उभे राहता त्या फळीच्या खाली, तुमच्या डोळ्यांना दिव्याचा पुढचा भाग अजिबात दिसणार नाही असे. दिवा फार आडवा ठेवला तर प्रकाश पाण्यात शिरण्याऐवजी पृष्ठभागावरून परततो, म्हणून तोंड खाली झुकवा. मी तीस-चाळीस अंशांपासून सुरुवात करून पाण्यावरच जुळवून घेतो. संरक्षण किमान आयपी६७ हवं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जायला नको.

सिल्व्हर कार्प असलेल्या पाण्यात दिव्यांपुढे जाळी लावा. १९७० च्या दशकात मत्स्यशेतीची तळी साफ ठेवण्यासाठी आर्कान्सात आणलेला हा मासा तिथून निसटला, मिसिसिपीत आणि पुढे आमच्या नदीत पसरला. इंजिनच्या आवाजाने तो बुजतो आणि पाण्याबाहेर उंच उड्या मारतो. दहा पौंडांचा मासा अंधारातून येऊन दिव्यावर आदळला की ब्रॅकेट वाकतो. माणसावर आदळला तर नाकाचं हाड मोडतं. पळत्या बोटीत उभे राहू नका.

इलिनॉयने २०२२ मध्ये या परक्या कार्पांना ‘कोपी’ असं नवं नाव दिलं, लोकांनी ते खावेत म्हणून. काटे फार, पण कोकणी माणसाला काट्यांचं भय नसावं. खिमा करून, आलं-लसूण आणि कोकम घालून वड्या तळल्या तर उत्तम लागतात. मारलेले मासे काठावर फेकून जाऊ नका.

एवढे दिवे असताना नेव्हिगेशन लाइट वेगळे कशाला?

कारण दूरच्या बोटवाल्याला तुमच्या झगमगाटातून तुम्ही कुठल्या दिशेला चाललाय ते कळत नाही. ते सांगतात लाल, हिरवा आणि पांढरा दिवा. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ते लागलेच पाहिजेत, आणि बाकीच्या उजेडामुळे ते झाकले जाता कामा नयेत, असा नियमच आहे. पांढरा दिवा फ्लडच्या बराच वर, खांबावर घ्या. इलिनॉय नदीवर मालवाहू बार्ज रात्रीही चालतात. त्या दिसल्या की फ्लड बंद करून बाजूला व्हा, त्यांना पटकन थांबता येत नाही.

दिवे लावले की रेडिओत खरखर येते. काय करू?

स्वस्त एलईडी ड्रायव्हरचा हा गुण आहे. २०१८ मध्ये अमेरिकी कोस्ट गार्डने याच कारणासाठी सावधगिरीची सूचना काढली होती, कारण दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओवर मदतीची हाक ऐकू येईनाशी होते. एकेक दिवा बंद करत दोषी कोण ते शोधा. दिव्यांच्या वायरी रेडिओच्या वायरींपासून लांब न्या, फेराइटचं कडं घालून बघा. नाहीच गेलं तर तो दिवा बदला.

काठावरच्या लोकांची तक्रार येते. नियम काय आहेत?

प्रत्येक राज्याचे वेगळे, आणि बदलत राहतात. लायसन्स घेताना त्या वर्षाची पुस्तिका वाचा: कुठले मासे, कुठलं पाणी, रात्री परवानगी आहे की नाही. मिनेसोटाचं उदाहरण देतो. तिथे सूर्यास्तानंतर बोफिशिंगच्या बोटीचा आवाज ५० फुटांवर ६५ डेसिबलपेक्षा जास्त होता कामा नये, आणि राहत्या घरापासून १५० फुटांच्या किंवा तंबूंच्या तळापासून ३०० फुटांच्या आत रात्री बाण सोडता येत नाही. तुमच्या राज्यात असा नियम नसला तरी हा पाळा. खिडकीतून मध्यरात्री ५०० वॉटचा झोत घरात शिरला तर कोण चिडणार नाही? घर आलं की मी त्या बाजूचा स्विच बंद करतो. तीन शाखा वेगळ्या ठेवल्याचा हा फायदा.

अशी बोट गावी, कोकणात करता येईल का?

हा प्रश्न गावाकडचे भाऊ हमखास विचारतात. नाही. भारताच्या सागरी हद्दीत एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. तिथे दिव्यांचं काम वेगळं असतं. मोठ्या बोटीवर जनरेटर ठेवून समुद्रात प्रखर दिवे सोडतात, त्याभोवती थवेच्या थवे गोळा होतात आणि लहान-मोठा सगळा मासा एका जाळ्यात उपसला जातो. मागे राहणाऱ्या छोट्या होडीवाल्याच्या जाळ्याला मग काय लागणार? माझ्या गावातल्या होडीवाल्यांनी हे भोगलंय, त्यामुळे या बाबतीत मी ठाम आहे. इथे आपण दिव्याने मासा बोलावत नाही, फक्त बघतो, आणि एका बाणाला एकच मासा मिळतो.

बॅटरी किती उरली ते व्होल्टवरून कळतं का?

लेड-ॲसिडची कळते: विसावलेली असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. लिथियमची नाही. ती जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास राहते आणि मग अचानक कोसळते. तिला शंट बसवलेला मीटर लावा, तो आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर-तास मोजतो.

हिवाळ्यात काय?

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही, आतून कायमची बिघडते. नोव्हेंबरमध्ये काढून घरात आणा, अर्धी भरलेली ठेवा. चार्जर लिथियमसाठीचाच हवा. जुन्या लेड-ॲसिड चार्जरचा डीसल्फेशन मोड तिच्यावर चालवू नका.

सगळं जोडून झालं. पाण्यात उतरण्याआधी काय तपासू?

संध्याकाळी बोट ट्रेलरवर, घरासमोर. सगळे दिवे लावा आणि दोन तास तसेच राहू द्या, अधूनमधून त्यांना हवा लागेल असं बघा, कारण काही फ्लड थंड राहायला बोटीच्या चालीवर अवलंबून असतात. मग बॅटरीपासून नाळेपर्यंत चालत जा आणि प्रत्येक जोडाला, प्रत्येक ब्रेकरला, स्विचच्या मागच्या बाजूला बोट लावा. जिथे बोट ठेववत नाही तो जोड कापून नवा करा. शेवटी मीटरने बॅटरीवरचे व्होल्ट आणि नाळेवरचे व्होल्ट एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद बॅटरीच्या झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा मोजाल, तेव्हा त्याच्याशी ताडून बघा.